दसऱ्याच्या मिरवणुकीतलं पिस्तूल

मी कोल्हापूरची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर कोणाला नवल वाटायला नको. अमेरिकेत, रॅलेजवळच्या कॅरी गावात राहून आता निम्मं आयुष्य होत आलं. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली, घर घेतलं, गवत कापायचं मशीनही घेतलं. पण दसरा जवळ आला की माझ्या अंगात कोल्हापूर संचारतं. आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दसरा म्हणजे शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडायच्या, मुलांची गाणी ऐकायची, गार झालेला पुलाव खायचा आणि घरी जायचं. एका वर्षी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि म्हटलं, याला दसरा म्हणत असाल तर मला माफ करा. सीमोल्लंघन करायचं तर घराबाहेर पडायला पाहिजे, मिरवणूक पाहिजे, ढोल पाहिजे, शस्त्रं पाहिजेत. कोणीतरी म्हणालं, मग तुम्हीच करा. केली. गावाकडून दोन तलवारी चेक-इन बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळून आणल्या. खऱ्या, पोलादी. तेव्हापासून दरवर्षी मिरवणुकीच्या पुढे नऊवारी नेसून, हातात तलवार घेऊन मीच चालायचे.

माझी मुलगी पोलिसात आहे. हे वाक्य मी जरा जास्तच ठिकाणी बोलते असं नवऱ्याचं म्हणणं आहे. बायोलॉजीची डिग्री घेऊन झाल्यावर तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं, की ती पोलीस अकॅडमीत जाणार आहे. नवऱ्याने कपातला चहा संपवला आणि उठून गॅरेजमध्ये गेला. कितीतरी दिवस तो तिच्याशी फक्त जेवणाबद्दल बोलत होता. मंडळातल्या बायका विचारायच्या, "टेम्पररी असेल ना? पुढे लॉ वगैरे करेल?" मी म्हणायचे, नाही, चांगलं पर्मनंट आहे. मला स्वतःला मनापासून आनंद झाला होता. आमच्या घराण्यात एका तरी पोरीने कंबरेला पट्टा बांधावा, असं मला वाटायचं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

तिची नोकरी शेजारच्या एका लहान गावाच्या पोलीस खात्यात. पहिल्या वर्षी खंडेनवमीला मी पाट मांडला. पाटावर माझी विळी, दोन्ही तलवारी, नवऱ्याचा लॅपटॉप आणि ड्रिल मशीन. तिला म्हटलं, तुझं पिस्तूल ठेव, हळदकुंकू वाहते. ती म्हणाली, "आई, नो. गन अशी बाहेर काढून ठेवायची वस्तू नाहीये. ती होल्स्टरमध्ये राहते, नाहीतर लॉक्ड बॉक्समध्ये." मी फुगले. शस्त्रपूजनाला पोलिसाच्या घरात शस्त्रच नाही म्हणजे काय! तिने पट्ट्याच्या पाऊचमधून एक काळा जाड पट्टा काढून पाटावर ठेवला. टूर्निके. कोणाचा हात किंवा पाय फुटून भळाभळा रक्त वाहायला लागलं की वरच्या बाजूला तो आवळून बांधतात. "याची पूजा कर," म्हणाली. मी नाइलाजाने त्याला कुंकू लावलं.

आता काकांबद्दल, म्हणजे मुलगी ज्यांना काका म्हणते त्या नवऱ्याच्या जिवलग मित्राबद्दल. नवरा आणि काका नागपूरला एकाच इंजिनीअरिंग कॉलेजात होते, एकाच खोलीत राहिले, आणि एकापाठोपाठ एक इथे आले. आमची मुलगी सायकल शिकली ती यांच्यामुळे. नवऱ्याला पाठीचा त्रास, म्हणून सीट धरून पार्किंग लॉटमध्ये मागे पळत होते ते काका. दर शनिवारी सकाळी दोघे मित्र आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर बसून चहा पीत आणि एकमेकांना मूर्ख ठरवत. मधल्या काळात काकांच्या बाबतीत एक गोष्ट घडली. दुकानाच्या पार्किंगमध्ये एका ट्रकवाल्याने त्यांना अडवलं, मागे मागे आला, घाणेरडं बोलला, "आपल्या देशात जा" म्हणाला. काकांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, पण ट्रक निघून गेल्यावर आले. त्यानंतर काकांनी पिस्तूल घेतलं, शूटिंग रेंजवर जाऊन चालवायला शिकले, आणि ते कंबरेला लावून हिंडायला लागले.

आमच्या राज्यात हे चालतं. पिस्तूल शर्टाखाली लपवून न्यायचं तर परवाना लागतो. उघडं, सगळ्यांना दिसेल असं कंबरेला लावून भाजी आणायला जायचं तर काही लागत नाही. याला ओपन कॅरी म्हणतात. काकांना हा कायदा पाठ झाला होता. चहाच्या कपाशेजारी पिस्तूल घेऊन बसलेल्या माणसाकडे बघून मला हसूही यायचं आणि काळजीही वाटायची. पण भित्रा माणूस म्हणून मी त्यांना कधी हिणवलं नाही. त्या पार्किंग लॉटमध्ये मी नव्हते.

गेल्याच्या गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आमची मिरवणूक मुलीच्या गावातून जायची होती. तिथल्या बागेजवळ नवीन हॉल मिळाला होता. मंडळाने रीतसर परवानगी काढली आणि खात्याने बंदोबस्ताला कोणाला पाठवलं असेल? आमच्याच पोरीला, कारण तिला भाषा येते. बरोबर एक उंचापुरा गोरा ऑफिसर, नवीनच भरती झालेला. युनिफॉर्ममध्ये तिला बघून मंडळातली पोरं धावत जाऊन फोटो काढत होती. मी लांबूनच बघत होते. डोळे भरून आले तर नऊवारीतल्या तलवारवाल्या बाईला शोभलं नसतं.

ढोल सुरू झाले आणि काका आले. भगवा फेटा, पांढरा कुर्ता, आणि कुर्त्यावर पट्टा बांधून त्याला पिस्तूल. मी तलवार तशीच हातात धरून त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "भावजी, मिरवणुकीत हे कशाला? लहान पोरं आहेत."

"वहिनी," ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "आज शस्त्रांचाच दिवस आहे ना?"

मी काही बोलणार तेवढ्यात मुलगी आली. तिचा साथीदार थोडा मागे, पाय रोवून उभा होता आणि त्याची नजर काकांच्या कंबरेवरून हलत नव्हती. तिने मराठीतच सुरुवात केली.

"काका, जरा इकडे या ना."

"काय झालं? ओपन कॅरी लीगल आहे. तुला माहीत असेलच."

"रस्त्यावर लीगल आहे, काका. मिरवणुकीत नाही. परेड असली की वेपन अलाउड नाही. बाजूला उभं राहून बघणाऱ्यालाही नाही."

"म्हणजे? अरेस्ट करशील मला?"

ढोल थांबले होते. ज्याने थांबवायला पाहिजे त्याने थांबवले नव्हते, आपोआप थांबले. मंडळातली सगळी माणसं, ज्यांच्या मांडीवर ती वाढली, ज्यांच्या घरी तिने पुरणपोळ्या हाणल्या, ती सगळी तिच्याकडे बघत होती. इतकी वर्षं लोक तिला "आपली" म्हणत होते. आज ती एक तर पोलीस म्हणून कच्ची ठरणार होती, नाहीतर आमच्यातून उठणार होती. तिसरा रस्ता मला तरी दिसत नव्हता.

तिने आवाज चढवला नाही. काकांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांच्या आणि त्या गोऱ्या पोराच्या मधे. म्हणाली, "काका, हात असेच ठेवा, पट्ट्याला लावू नका. मी तुम्हाला गाडीपर्यंत सोडते. चला."

काका लाल झाले होते. पण चालले. ती त्यांच्या शेजारून, त्यांच्याच चालीने चालत गेली. गाडीत पिस्तूल ठेवून ते परत येतील, असं आम्हाला वाटलं. गाडी सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला. काकू मैत्रिणींमध्ये उभ्या होत्या, त्यांनी पर्समधून रुमाल काढला.

मुलगी परत आली ती सरळ माझ्यापुढे.

"आई, तलवार."

"ही? ही पूजेची आहे."

"धार आहे?"

"कोल्हापूरची आहे, धार नसायला काय झालं!"

"मग गाडीच्या ट्रंकमध्ये. दोन्ही. आता."

इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं, की माझ्या हातात आहे तेही शस्त्रच आहे. काकांना मी शहाणपण शिकवायला गेले होते ते हातभर पोलादी पातं पाजळत! पण ती आम्हाला तलवार वाटतच नव्हती. ती पाटावरची होती, तिला कुंकू लावलेलं होतं. अशी चूक आमच्याच लोकांनी करावी. मला तेव्हा रागही आला आणि हसूही, पण नेऊन ठेवल्या दोन्ही गाडीत. मिरवणूक झाली, लेझीम झालं, आरती झाली. माझे हात सबंध रस्ताभर रिकामे होते आणि काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

पुढचे महिने वाईट गेले. शनिवारी काका आले नाहीत. नवरा दोन कप घेऊन डेकवर जायचा आणि एकटाच बसायचा. फोन केला तर काकू उचलायच्या आणि ते झोपलेत म्हणायच्या, भर सकाळी. मंडळात कुजबुज सुरू झाली. एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आपलीच पोरगी आणि आपल्यालाच कायदा दाखवते, यार." मी वळून विचारलं, मग काय शेजाऱ्यांना दाखवू दे आणि तुम्हाला सोडू दे? तो समोसे आणायला निघून गेला. पण घरी आल्यावर मला रडू आलं. मुलगी पुढच्या दोन कार्यक्रमांना आलीच नाही. ड्युटी आहे म्हणाली. ड्युटी नव्हती.

मग वसंतात राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आलं. त्यात मिरवणुकीतली आणि निदर्शनांतली शस्त्रांवरची बंदी उठवायचं एक कलम होतं. रस्त्यावर चालतं तर मिरवणुकीत का नको, असा त्यांचा मुद्दा. शहरांच्या पोलीसप्रमुखांचा विरोध होता, काही शेरीफ, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले पोलीस अधिकारी, बाजूने होते. समितीपुढे सुनावणी होणार होती आणि मुलीच्या खात्याच्या चीफनी तिला विचारलं, तू बोलशील का? ती हो म्हणाली. मी लगेच जाहीर केलं, आम्हीही येणार. "आई, प्लीज, डबा आणू नकोस," एवढंच ती म्हणाली.

राजधानीत, रॅलेतल्या विधानसभेच्या इमारतीत आम्ही लवकर पोचलो. समितीच्या खोलीत मधे वाट होती. विधेयकाच्या बाजूचे लोक एका अंगाला बसले होते, विरोधातले दुसऱ्या. पलीकडच्या अंगाला, छातीवर बंदुकीच्या हक्काचे स्टिकर लावलेल्या लोकांच्या मधे, काका. इस्त्रीचा कोट घालून एकटेच. काकू आल्या नव्हत्या. मी आमच्या बाजूची खुर्ची धरली आणि नवऱ्यासाठी शेजारी पर्स ठेवली. नवरा वाटेत थोडा वेळ उभा राहिला. मग सरळ जाऊन काकांच्या शेजारी बसला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मुलगी विरोधात बोलणार आणि बाप तिकडे!

सुनावणीत मी एक गोष्ट बघितली, ती अजून पचलेली नाही. साध्या माणसांना दोनच मिनिटं. एका बाईचा मुलगा गोळीबारात गेला होता. तिचं वाक्य अर्धं असताना घंटा वाजली आणि तिला बसवलं. युनिफॉर्ममधल्यांना आधी बोलावलं, वेळेकडे कोणी बघितलं नाही, आमदार पुढे झुकून ऐकत होते, उलट "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हणत होते. शेरीफ बाजूने बोलले तरी तसंच आणि चीफ विरोधात बोलले तरी तसंच. म्हणजे हत्यारांचा कायदा कसा असावा हे ज्यांच्या कंबरेला हत्यार आहे त्यांना विचारायचं, आणि ज्यांच्यावर ते चालतं त्यांनी घंटा ऐकायची. मला हे आवडलं नाही. पुढच्याच क्षणी त्या मानाच्या जागी माझी मुलगी उभी राहिली आणि मला ते भयंकर आवडलं. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

ती इंग्रजीत बोलली, मी माझ्या भाषेत सांगते. ती म्हणाली, मी माझ्याच समाजाच्या मिरवणुकीत ड्युटीवर होते. एक गृहस्थ कंबरेला पिस्तूल लावून आले. त्यांना मी जन्मापासून ओळखते. त्यांच्याइतका सज्जन माणूस मी बघितलेला नाही. पण माझा साथीदार त्यांना ओळखत नव्हता. त्याला दिसत होता तो गर्दीतला, चिडलेला, सावळा, हत्यारबंद माणूस. ढोलांच्या आवाजात त्याला ऐकू काही येत नव्हतं. काकांनी फेटा सावरायला हात हलवला असता, तर काय झालं असतं हे मी रोज डोळ्यांपुढे आणते. "मी मधे जाऊन उभी राहिले," ती म्हणाली, "ते काकांची भीती वाटली म्हणून नाही. काकांसाठी भीती वाटली म्हणून. प्रत्येक मिरवणुकीत मधे उभं राहायला मी नसेन. मी नसताना मधे उभा राहतो तो हा कायदा आहे, तो तेवढा राहू दे."

ती त्यांच्या डाव्या बाजूला का गेली होती ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं, ती काकांना मिरवणुकीतून काढतेय. आणि तेवढ्यात पलीकडच्या अंगाला, स्टिकरवाल्यांच्या गराड्यात, कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. माझा नवरा. उभा राहून. गॅरेजमध्ये जाऊन बसलेला तोच. अध्यक्षांनी हातोडा आपटून सांगितलं, इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, सर. त्याने आणखी दोन वाजवल्या आणि बसला.

नंतर काकांची पाळी आली. दोन मिनिटं. हातात लिहून आणलेला कागद होता, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. त्यांनी ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली. पोलीस उशिरा आले हेही सांगितलं, चीफकडे बघून. म्हणाले, मी पिस्तूल बाळगतो आणि बाळगणार, मला त्याची लाज नाही. मग जरा थांबून म्हणाले, "आत्ता बोलली ती ऑफिसर. तिच्या सायकलच्या मागे मी धावलोय. या विधेयकातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर माझं तिच्याशी भांडण आहे. पण तिने मला गाडीपर्यंत चला म्हटलं, तेव्हा मी चाललो. मिरवणुकीपुरतं ती म्हणते ते बरोबर आहे." घंटा वाजायच्या आत ते बसले.

विधेयक पुढे गेलं, पण मिरवणुकीचं कलम त्यातून गळलं. बाहेर व्हरांड्यात मी मुलीला म्हटलं, बघ, तुझं ऐकलं त्यांनी. ती म्हणाली, "माझं नाही गं, युनिफॉर्मचं ऐकलं. त्या बाईंचंही ऐकायला पाहिजे होतं." हे बोलली म्हणून मला तिचा जास्त अभिमान वाटला, भाषणापेक्षाही. पुढच्या शनिवारी सकाळी डेकवर दोन आवाज भांडत होते. मी मुद्दाम बाहेर गेले नाही, आतूनच चहा टाकला.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पाट मांडला. काका आणि काकूंना जेवायला बोलावलं होतं. काकांच्या कंबरेला काही नव्हतं. ते गाडीत, कुलपात आहे, असं त्यांनी आल्या आल्या आपणहून सांगितलं. मुलगी ड्युटीवरून तशीच आली आणि सवयीने पाऊचमधला काळा पट्टा काढून विळीशेजारी ठेवला.

काकांनी विचारलं, "हे काय?"

तिने त्यांना बाही वर करायला लावली, दंडावर पट्टा चढवला, दांडी फिरवून आवळला. काका "आई गं" म्हणाले. "एवढं दुखायलाच पाहिजे, काका. मग रक्त थांबतं."

"तू वापरलंयस?"

"वापरलंय. एक जण हायवेवर, एक मुलगी किचनमध्ये. दोघंही जगली."

"आणि पिस्तूल?"

"अजून कधीच नाही."

काका पट्टा बांधलेल्या हाताकडे बघत बसले. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होते. मग काका म्हणाले, "असा एक मला मिळेल का? गाडीत ठेवायला. आणि मला बांधायला शिकव."

तिने पट्टा सोडला आणि त्यांच्याच हातात दिला. "आधी माझ्या हाताला बांधा," म्हणाली आणि बाही वर केली. काकांना दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. तेवढा वेळ मी ताट घेऊन तशीच उभी राहिले. नंतर पट्टा पाटावर आल्यावर मी त्याला कुंकू लावलं, या वेळी मनापासून.